नाताळचे पिक्चर, मी सोडून सगळ्यांनी ऐकलेले

आते, तुझ्यासाठी रडायला आलेल्या बायकांचा मला राग आला, हे आधी सांगून टाकते.

घरापुढच्या खळ्यात बसून त्या रडत होत्या, आणि रडता रडता एकमेकींना तुझी वाक्यं ऐकवत होत्या. "तो लाल कपड्यातलो म्हातारो आठवता? आतेन तेका काय काय बोलूक लावल्यान होता." मग पदर तोंडात धरून हसणं, मग पुन्हा रडणं. मी दारात उभी होते. मला त्यातलं एक वाक्य माहीत नव्हतं. तुझ्या हातचं खाऊन वाढले, तुझ्या कुशीत झोपले, तुझ्या शिव्या जेवढ्या मी खाल्ल्या तेवढ्या देवबागात दुसऱ्या कोणी खाल्ल्या नसतील. तरी त्या बायकांपाशी तुझं काहीतरी होतं जे माझ्यापाशी नव्हतं, आणि त्या ते माझ्यासमोर वाटून घेत होत्या.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक दुःखापासून सुरुवात करतात. मला दुःख आहेच. पण दुःखाच्या पुढ्यात मत्सर ठाण मांडून बसला आहे, आणि तो बाजूला सरकल्याशिवाय मागचं काही दिसत नाही. म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरा. बापाशीसारखा आदी भांडाण काड, मगे रड."

बाबांनी मला तुझ्याकडे आणून ठेवलं तेव्हा मला आईचा चेहराही नीट आठवत नव्हता. बाबा मालवणच्या छापखान्यात कामाला, आणि उरलेला सगळा वेळ मच्छीमारांच्या संघटनेत. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला लिहिता आलेलं पहिलं वाक्य. बाबा पत्रकांचे गठ्ठे तुझ्या पडवीत आणून टाकत, मी त्यांच्या घड्या घालत असे, आणि उरलेली पत्रकं तू वाळत घातलेल्या जवळ्याखाली अंथरायचीस. "तुझ्या बापाशीची शाई जवळ्याक लागता," असं म्हणायचीस. पण अंथरण्याआधी प्रत्येक पत्रक वाचायचीस, बोट फिरवत, ओठ हलवत. ते मी रोज बघत होते आणि त्याचा अर्थ काही लावला नव्हता.

एका मोर्च्यात बाबांना पोलिसांनी नेलं, त्या दिवशी तू बाजारातून तशीच चौकीत गेलीस, माशांची टोपली डोक्यावर. टोपली टेबलाशेजारी ठेवून बाकड्यावर बसून राहिलीस. दुपारचं ऊन, बंद खोली, आणि टोपलीत न खपलेले पेडवे. तासाभरात हवालदार म्हणाला, बाई, भावाला घेऊन जा आणि टोपली आधी न्या. बाबा ही गोष्ट सभांमध्ये जनतेच्या दबावाचं उदाहरण म्हणून सांगत. तू घरी सांगायचीस तेव्हा त्यात पेडव्यांचा दर काय होता आणि ते फुकट गेले हेच जास्त असायचं. मी दोन्ही ऐकत मोठी झाले, आणि लिहायला लागले तेव्हा बाबांसारखं लिहिलं. तुझ्यासारखं सांगणं मला जमलं नाही, आणि ते शिकवायला तू मला कधी बसवलं नाहीस. शेजारच्या शैलाला बसवलंस.

मी कोल्हापूरला कॉलेजात गेले आणि इकडे केबल आली. वायर तारकर्लीकडून माडांवरून ओढत आणलेली. तुझ्या घरापर्यंत पोचताना तिच्यात दम उरत नसे. मराठी लावलं की पडदाभर मुंग्या. स्पष्ट दिसायचं ते दोनच ठिकाणी, एका जागी एक महाराज बसलेले आणि दुसऱ्या जागी इंग्रजी पिक्चर. महाराजांना तू आठवडाभर सहन केलंस. मग म्हणालीस, हो बसान रवलोसा, उठाचा नाव घेणा नाय. आणि बटण फिरवलंस.

डिसेंबरात त्या इंग्रजी ठिकाणी रोज दुपारी नाताळचे पिक्चर लागत. थेटरातले नव्हेत, टीव्हीसाठीच काढलेले, साधे. मी ते पुढे कोल्हापुरात मुद्दाम बघितले, टीका करायला, म्हणून सांगू शकते. शहरात एक बाई असते. मोठ्या हुद्द्यावर, फोन कायम कानाला. नाताळ तोंडावर आलेला असताना तिला एका लहान गावात जावं लागतं. कधी आजोबांचं घर विकायचं असतं, कधी वाटेत गाडी बंद पडते. गावात चौकड्याचा शर्ट घातलेला एक पुरुष लाकडं फोडत असतो. त्याची बायको वारलेली, मुलगी वयाच्या मानाने फार शहाणी. बर्फ पडतो. बाईला आधी गाव आवडत नाही, मग बिस्किटं भाजता भाजता आवडायला लागतं. शहरातून तिचा सूटवाला होणारा नवरा येतो आणि सगळं बिघडवतो. शेवटी घर विकलं जात नाही, सूटवाला एकटा परत जातो, आणि बाई राहते. दर वर्षी हेच. माणसं बदलतात, स्वेटर तेच.

एवढ्यासाठी अर्धी वाडी तुझ्या पडवीत जमायची. बायका सुपं आणि जवळा घेऊन यायच्या, कचरा निवडायच्या, आणि तू पुढे बसून त्या गोऱ्या माणसांना मालवणीत बोलायला लावायचीस. इंग्रजीचं एक अक्षर तुला येत नव्हतं. ओठ हलले की तू बोलायचीस, पुरुषाला पुरुषाचा आवाज, पोरीला पोरीचा. नाताळचं झाड दिसलं की बायका म्हणायच्या, सुरूचा झाड घरात कित्याक हाडल्यानी, उंदीर होतले. आणि रस्त्यावरचा बर्फ बघून सगळ्यांच्या पोटात दुखायचं. "इतको बर्फ फुकट टाकलोहा. हय बोटीवाले बर्फासाठी रांगेत ऱ्हवतत." एकीने तर विचारलं होतं म्हणे की एवढा बर्फ असून कोणाच्या हातात मासळी कशी नाही. हे सगळं मला शैलाने सांगितलं. मी ऐकलेलं नाही. माझ्या वाट्याला एकच दुपार आली, तीही अर्धी.

ती पहिली नाताळची सुट्टी. मी सामान टाकून तुझ्या शेजारी बसले. पडद्यावर ती बाई एका म्हाताऱ्याशी काहीतरी बोलत होती आणि तू तिच्या आवाजात म्हणत होतीस, "आजोबानु, माका भूक लागलीहा, आदी जेवक वाडा." मी म्हटलं, "आते, ती तसं म्हणत नाहीये. कंपनीचे लोक हॉटेल विकत घ्यायला येणार आहेत, असं म्हणतेय."

तू थांबलीस. म्हणालीस, "बरा. तुका येता मा इंग्लिश. मगे तूच सांग."

मी सांगितलं, बरोबर, वाक्यामागून वाक्य. थोड्या वेळाने बायका एकेक करून सुपं उचलून गेल्या. मी खरं तेच सांगत होते आणि त्यात मला अजूनही चूक दिसत नाही. लोकांना समजत नसलेल्या भाषेतली गोष्ट नीट सांगावी, हे मला ह्याच घरात शिकवलेलं होतं.

त्यानंतर मी असताना तू कधीच बोलली नाहीस. दर डिसेंबरात मी यायची. एसटीतून उतरून माडांमधून चालत येताना मला लांबूनच तुझा आवाज ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत, फक्त चढउतार, आणि त्यामागे बायकांचं हसणं. मी पावलं उचलायची. खळ्यात येऊन चपला काढेपर्यंत आवाज बंद. आत गेलं की टीव्हीवर माणसं इंग्रजीत बोलतायत, बायका खाली मान घालून जवळा निवडतायत आणि तू विचारतेस, "इलंस? पाणी घी." मी एकदा चपला हातात घेऊन वाळूतून आले, तरी शैलाने पाहिलंच. तिने तुला कोपराने ढोसलं आणि तू गप्प झालीस.

शैलाबद्दल लिहायलाच हवं. मिठबावची मुलगी, शेजारच्या घरात लग्न होऊन आलेली. माझ्याच वयाची. मी गेले त्या वर्षी ती आली, जणू कोणी जागा धरून ठेवली होती. तुझ्या टोपलीला हात लावायची परवानगी मला नव्हती, तिला होती. तुझ्या केसांना तेल ती लावायची. एकदा मालवणच्या बाजारात मी तुझ्या मागे उभी असताना एका गिऱ्हाइकाने तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? तू म्हणालीस, "ह्या माझा चेडू." तिला लेक म्हणालीस, आणि मी पाठीमागे पिशवी धरून उभी. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघितलंही नाही. घरी आल्यावर मी जेवले नाही. तू विचारलंस, "काय झाला?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तू म्हणालीस, "दुखताला. इतक्या वाचतंस." आणि दिवा विझवलास.

आपली भांडणं मात्र मी जपून ठेवली आहेत, कारण ती तू फक्त माझ्याशी केलीस. मी म्हणायची, ह्या पिक्चरांत कोणी काम करताना दिसत नाही. बिस्किटं भाजतात ती विकायला नव्हे. गाव वाचवायला मोर्चा लागत नाही, संघटना लागत नाही, एक झाड सजवलं की कंपनी माघार घेते. हे लोकांना झोपवायचं औषध आहे. तू चुलीपुढे बसून ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुझ्या पत्रकात सगळी माणसा भायर जातत. मोर्च्याक जातत, तुरुंगात जातत, मुंबैक जातत. घराक कोण येता? एक तरी माणूस घराक इल्लो दाखव माका."

मी शोधलं. खरंच, बाबांच्या आणि माझ्या सगळ्या पत्रकांत कोणीही घरी येत नाही. मी तुला म्हटलं, तो पत्रकांचा विषय नाही. तू म्हणालीस, "म्हणानच आमी पिक्चर बगतो."

मला वाटलं, मला तुझं उत्तर कळलं. तुझा नवरा बोटीवर होता. दर गणपतीला यायचा. मग एका गणपतीला आला नाही, आणि मग कधीच नाही. तो जिवंत आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कुठल्या बंदरात कोणाबरोबर आहे तेही लोक सांगत. मी ठरवून टाकलं की गेलेलं माणूस परत येतं आणि राहतं, एवढ्यासाठी तू त्या बर्फाकडे बघत बसतेस. आपल्याकडे येणारे सगळे चाकरमानी असतात, आरती म्हणतात आणि विसर्जन झालं की गाडी पकडतात. राहतं कोण? ह्यावर मी मनात एक पूर्ण लेख लिहिला होता. चांगला होता.

मग ती ग्रामसभा झाली. मुंबईहून एक माणूस खाडीकडच्या जागा घ्यायला आला होता, रिसॉर्टसाठी. मी त्याच्याविरुद्ध पत्रक लिहिलं आणि घरोघर वाटलं. एकीनेही वाचलं नसणार असं धरून चालले होते. सभेत तो माणूस नकाशे दाखवत होता, पुरुष माना डोलावत होते. तेवढ्यात मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "घर विकला तर बोट खंय परत येतली?" दुसरी म्हणाली, "किनारो तुमका बगूची जागा, आमका उतराची जागा." त्या माणसाने नकाशा गुंडाळला.

ही दोन्ही वाक्यं माझी होती, आते. माझ्या पत्रकातली, फक्त मालवणी केलेली. मला आनंदाने काही सुचेना. घरी येताना त्या बाईला विचारलं, "काकी, माझं पत्रक वाचलंत ना?"

"खयचा पत्रक?" ती म्हणाली. "ता त्या चेडवान सांगल्यान मा पिक्चरात. त्या सूटवाल्याक."

म्हणजे तू माझं पत्रक वाचलं होतंस, बोट फिरवत, आणि जवळ्याखाली अंथरण्याआधी त्यातलं हवं ते काढून सोनेरी केसांच्या एका बाईच्या तोंडी घातलं होतंस. मी घरोघर जाऊन जे पोचवू शकले नाही, ते ती बर्फात उभी राहून बोलली आणि सगळ्यांना पाठ झालं. मी तुझ्यावर ओरडले. "माझी वाक्यं चोरलीस."

तू बांगडे चिरत होतीस. मान वर केली नाहीस. "फुकट वाटतंस मा? मगे चोरी कसली?"

त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटायला हवा होता असं लोक म्हणतील. मला पडद्यावरच्या त्या बाईचा हेवा वाटला. माझी वाक्यं तिच्या तोंडी शोभतात आणि माझ्या तोंडी नाहीत, हे मला अजून पचलेलं नाही.

मागच्या डिसेंबरात मी पुण्याच्या साप्ताहिकातली नोकरी घेतली. तुला सांगितलं तेव्हा तू जाळं झोडत होतीस. हात थांबले.

"हय लिवूक येना नाय?"

"लिहिता येतं. छापणार कोण? वाचणार कोण?"

"आमी वाचतो."

"तुम्ही अंथरता."

"वाचून अंथरतंय," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "माझो घोवय असाच सांगान गेलो. येतंय म्हणालो."

मी म्हटलं, मला त्याच्या रांगेत बसवू नकोस. तू म्हणालीस, मी कोण बसवणारी, रांग तुमीच लावतास. आठवडाभर हे चाललं. सुट्टी संपून मी निघाले तेव्हा तू पाठ करून भांडी घासत होतीस. मी बॅग उचलून उंबऱ्यात थांबले. तू जा म्हणाली नाहीस, जाऊ नको म्हणाली नाहीस. गणपतीला आले तेव्हाही नाही. ताटात जास्तीचा मोदक वाढलास आणि शैलाच्या पोराच्या खोकल्याबद्दल बोललीस. मला वाटलं, राग आहे, उतरेल. अजून पुष्कळ वर्षं आहेत भांडायला.

दिवाळी झाली आणि शैलाच्या नवऱ्याचा फोन आला. मी कुडाळला उतरून रिक्षाने पोचले तेव्हा सगळं उरकत आलं होतं. शेवटचं पाणी तुला शैलाने पाजलं. ते मी विचारलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं, आणि मी मान हलवली.

एकच गोष्ट मला तुझ्याकडून हवी होती. मी गेले ते तुला चाललं की नाही. भांडणाच्या कुठल्या टोकाला तू मला सोडून गेलीस, ते. तेरावं झालं, बाबा मालवणला परत गेले, मी रजा वाढवून घरात बसून राहिले, आणि हे विचारायला कोणी नव्हतं.

परवा दुपारी खळ्यात पावलं वाजली. बायका सुपं घेऊन आल्या होत्या, जवळ्याच्या टोपल्या घेऊन. डिसेंबर लागलेला. त्या दारात थबकल्या, जणू स्वतःच्या पायांनी त्यांना फसवलं होतं. मी म्हटलं, या. टीव्ही लावला. त्या बसल्या, तुझी जागा मोकळी ठेवून. पिक्चर सुरू झाला आणि सगळ्या गप्प. इंग्रजी ऐकत राहिल्या.

मी शैलाला म्हटलं, "ती काय सांगायची, ते मला सांग."

"असा नाय सांगूक येना," शैला म्हणाली. "चित्र समोर व्हया."

"मग आहे की समोर."

तिने पडद्याकडे बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "हो गेल्या वर्साचोच." दुसरी म्हणाली, "होय गो, हीच ती. उंच चपलांची." शैलाने माझ्याकडे एकदा बघितलं, सूप खाली ठेवलं, आणि तुझा आवाज काढला. आते, हुबेहूब तुझा आवाज. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पडद्यावर ती बाई गाडीतून उतरत होती. टाच बर्फात रुतली. शैला तुझ्या आवाजात म्हणाली, "बगा, सुजाता इली. पायताणा बगा तिची. पुण्यात कोणी सांगूक नाय हिका, हय वाळू आसा म्हणान?"

बायका हसल्या आणि लगेच थांबल्या. माझ्याकडे बघायला लागल्या.

मी विचारलं, "सुजाता कोण?"

"तू. दुसरा कोण?"

"ह्या पिक्चरात?"

"सगळ्या पिक्चरात," शैला म्हणाली. "तुझ्या आतेक दुसरा नाव येय नाय. केस सोनेरी असोत नायतर काळे, शहरातसून उतारली काय ती सुजाता. आदी कोल्हापूरसून येय, गेल्या वर्सा पुण्यासून."

"मग मी आले की ती गप्प का व्हायची? मी चूक काढली म्हणून ना?"

शैला हसली. "चुकीचा काय ता. तुझ्यासमोर तुका कशी बोलूक लावतली? लाज वाटा तिका."

मी तिला माझ्या मनातल्या लेखाबद्दल सांगितलं. म्हटलं, मला वाटायचं तिला नवऱ्याची आठवण येते. ह्यावर सगळ्याच बायका हसल्या. "घोवाची? तो तर सूटवालो. आते तेका दर वर्सा हाकलून लाय. एकदा तेका सांगल्यान, तुझी बोट सुटली, पळ."

तर असा माझा सगळा अभ्यास. मी बसून राहिले आणि पिक्चर बघितला, आयुष्यात पहिल्यांदा तुझा. ती सुजाता बिस्किटं भाजताना हात भाजून घेते आणि भांडते. लाकडं फोडणाऱ्याला विचारते, मजुरी किती मिळते, संघटना आहे का. म्हाताऱ्या माणसांची वाक्यं तोडते आणि मग त्यांच्या ताटातलं खाते. इंग्रजी मला समजत होतं, पण मी ऐकणं सोडून दिलं होतं.

शेवट आला. त्या बाईची गाडी उभी आहे. ती बॅग घेऊन दारात आलेली. पायरीवर त्या पुरुषाची म्हातारी आई उभी. आणि शैला थांबली.

"पुढे?" मी म्हटलं.

"नको. तू घरात आसस."

"शैला, पुढे."

तिने पदर नीट केला. एरवी सगळ्या पिक्चरांत सुजाता राहायची, ती म्हणाली. पण मागच्या वर्षी, मी पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्याच दुपारी हा पिक्चर लागला होता आणि तू आजारी असल्यासारखी बसली होतीस. मग म्हातारीचे ओठ हलले, आणि शैला तुझ्या आवाजात बोलली:

"जा गो. माझ्यासाठी रवलंस तर रोज माझ्या तोंडाकडे बगीत रवतलंस. माका तशी सुजाता नको. थंय जा, लिव, लोकांशी भांड. माका राग आसा, तो माझ्याकडे ऱ्हवांदे. तू जा."

पडद्यावर त्या बाईने बॅग बर्फात टाकली आणि धावत जाऊन त्या माणसाच्या गळ्यात पडली. ती राहत होती. कोणालाही दिसत होतं की ती राहत होती. बायकांनी त्या दुपारीही तुला हेच विचारलं होतं म्हणे. मगे ह्या काय, आते? बॅग खाली कित्याक टाकल्यान?

"मगे आते काय म्हणाली?" मी विचारलं. मालवणीत विचारलं, हे नंतर लक्षात आलं.

"म्हणाली, निरोप घेताना दोनय हात व्हये."

पुढचा पिक्चर सुरू झाला, बायकांनी सुपं उचलली. मी परसात जाऊन उभी राहिले.

आते, तुझे आभार मानायला हवेत, आणि मी मानते. हवं होतं ते मला मिळालं. पण कसं मिळालं बघ. मला तू पाठ दाखवलीस आणि भांडी घासलीस. तिला, त्या सोनेरी केसांच्या, लिपस्टिक लावलेल्या, तुझी भाषा न समजणाऱ्या बाईला तू सगळ्या वाडीसमोर जा म्हणालीस. मी तिच्यावर जळते. माझं नाव तिने वापरलं, माझी वाक्यं वापरली, आणि माझा निरोपही तिनेच घेतला. उंबऱ्यात मी किती वेळ उभी होते ते तुला पाठीतून कळलं नसेल, असं मी मानणार नाही. वळायला काय झालं होतं?

उद्या सकाळच्या गाडीने मी निघतेय. पुण्याहून दोनदा फोन येऊन गेला, आणि ह्या घरात भांडायला माणूस नाही. संध्याकाळी शैला वाटेसाठी भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन आली. ठेवली आणि निघाली. मी म्हटलं, "अगं, काहीतरी बोल. जाऊ नको तरी म्हण."

"मी कित्याक म्हणू?" ती म्हणाली. "तू जातलंस ता आमका म्हायत होता. आतेन सांगान ठेवल्यान होता, तिका कोणी अडवू नको."

सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस. मला सोडून.